शौचस्वच्छता, बालकांची

मूल मलमूत्रविसर्जनावर ताबा मिळवून ठराविक जागी शौचास बसू लागल्यानंतर पुढची अंगस्वच्छता त्याने दुसऱ्याच्या मदतीवाचून करणे, यास बालकांची शौचस्वच्छता म्हणतात. गुदप्रदेश पाण्याने धुणे, शौचकूपात पाणी टाकणे, कपडे नीट करणे आणि साबणाने हात धुणे या क्रियांचा तीत समावेश होतो. शौचनियंत्रण आणि शौचस्वच्छता या दोन्ही गोष्टी घरोघरी एकच समजल्या जातात. वस्तुतः त्या भिन्न आहेत. पहिली मुख्यतः मज्जासंस्था व स्नायू यांच्या परिपक्वतेवर अवलंबून असून ती सामान्यतः दोन ते साडेतीन वर्षांच्या दरम्यान साधते. दुसरी हे हाताचे कौशल्य आहे व ते पूर्णपणे अंगवळणी पडण्यास पाच-सहा वर्षांचे वय उजाडते. या दोहोंमध्ये दोन-तीन वर्षांचा काळ असा जातो, की मूल शौचास आपण होऊन जाते, पण उरकल्यावर ‘झालं’ म्हणून हाक मारते आणि आई, आजी किंवा मोठी बहीण येईपर्यंत तसेच बसून राहते. घरात या हाकेला कोणीतरी ओ देते. तिसऱ्या वर्षी मूल अंगणवाडीत जाऊ लागले, की ती हाक ऐकणारे माणूस तेथे असतेच असे नाही. प्रस्तुत विषयाचे महत्त्व मुख्यतः या मधल्या काळामुळे आहे.

या शिक्षणाचा विचार परिस्थितीपासून तोडून करता येत नाही. त्या दृष्टीने अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याचे उदाहरण उद्‌बोधक आहे. चौदा तालुक्यांच्या या विस्तीर्ण जिल्ह्यात पश्चिमेकडील अकोल्याचा भरपूर पावसाचा डोंगराळ आदिवासी भाग, १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या कालव्यांवर पोसलेला उत्तरेकडील उसाचा पट्टा आणि पाथर्डी, कर्जत, जामखेड यांसारखे अवर्षणप्रवण तालुके, असे तीन अगदी वेगळे प्रदेश आढळतात. मुलाचे अंग तिन्हीकडे सारखेच असले, तरी त्याच्या हाताशी असलेले पाणी सारखे नाही.

पारंपरिक रीत : महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात बाळाला शौचाची सवय लावण्यास फार लवकर सुरुवात होत असे व अद्यापही होते. आई किंवा आजी जमिनीवर पाय पसरून बसते, दोन्ही पावलांमध्ये थोडे अंतर ठेवून त्यांवर बाळाला उकिडवे टेकविते आणि तोंडाने ‘शू-शू’ असा आवाज करते. काही महिन्यांच्या बाळालाही या बैठकीचा व आवाजाचा संकेत कळू लागतो. लंगोट व दुपटी धुण्याचे श्रम वाचावेत हा यातील उघड हेतू होता; पण त्यामुळे मूल उकिडवे बसण्यास लवकर सरावते, हा मोठा लाभ आपोआप होई. पाश्चात्त्य देशांत, विशेषतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टाकाऊ लंगोट सर्रास झाल्यावर, शौचशिक्षणाचे वय पुढे सरकत गेले. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रॅझेल्टन यांनी १९६२ मध्ये, मुलाची स्वतःची तयारी दिसेपर्यंत थांबावे असे प्रतिपादन केले आणि तोच विचार तेथे रूढ झाला. हे टाकाऊ लंगोट आता नगर, संगमनेर, श्रीरामपूर यांसारख्या शहरांतच नव्हे, तर मोठ्या खेड्यांतील दुकानांतही मिळतात आणि पायांवर बसविण्याची रीत त्या प्रमाणात मागे पडत आहे.

मूल चालू लागल्यावर अंगणाच्या कडेला किंवा घरामागील परसात बसे. विष्ठा राखेने झाकून सुपलीने वा खापरीने उचलून उकिरड्यावर टाकली जाई. चार-पाच वर्षांचे झाले, की ते थोरांबरोबर टमरेल घेऊन परसाकडे जाई. मुली आईबरोबर पहाटे किंवा दिवेलागणीनंतर, मुलगे आपल्या सोबत्यांबरोबर, असा परिपाठ असे. धुण्याची क्रिया मूल पाहून शिके. टमरेलातले पाणी बेताचे असे व ते पुरवून वापरावे लागे, डावा हात धुण्यासाठी व उजवा जेवणासाठी हा भेद जन्मभर पाळला जाई, आणि घरी आल्यावर हाताला राख किंवा माती लावून तो धुतला जाई. या रीतीत आरोग्याच्या दृष्टीने गंभीर दोष होते. तरीही तीत शिक्षणाचा एक सलग क्रम होता, हे मान्य करावे लागते. बंदिस्त शौचालय आल्यावर तो क्रम तुटला. आजीला जे ठाऊक होते ते उघड्या माळावरचे होते आणि नातवंडापुढे आलेली अडचण चार भिंतींमधली आहे.

शारीरिक तयारी : स्वतः धुण्यासाठी मुलाला तीन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. उकिडव्या स्थितीत तोल सांभाळणे, एका हाताने पाणी ओतणे आणि न दिसणाऱ्या जागी दुसरा हात नेऊन केवळ स्पर्शाने काम करणे, या त्या होत. लहान मुलाचे डोके व धड त्याच्या हातापायांच्या मानाने मोठे असते. पूर्वी जन्मतारखेची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत घालताना डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरण्यास सांगत. कान हाती आला की मूल सहा वर्षांचे झाले असे मानीत. शरीराच्या प्रमाणातील याच फरकामुळे तीन वर्षांच्या मुलाचा हात पाठीमागून गुदप्रदेशापर्यंत जेमतेम पोहोचतो व पोहोचला तरी तोल जातो. अशा मुलाला ‘नीट धुवत नाहीस’ म्हणून रागावणे हे अद्याप न आलेल्या दातांनी चावण्याची अपेक्षा करण्यासारखे आहे. साधारणपणे साडेतीन ते चार वर्षांपासून प्रयत्न सुरू करावा, पाचव्या वर्षापर्यंत मोठ्या माणसाने अखेरीस पाहणी करावी आणि सहाव्या वर्षानंतर मुलावर सोपवावे, असा क्रम बहुतेक मुलांना झेपतो. या बाबतीत मुलामुलांत बराच फरक असतो आणि दोन भावंडांची तुलना करून काही निष्पन्न होत नाही.

शिकविण्याची पद्धत : या कामी तोंडी उपदेशाचा उपयोग अल्प आहे. मुलाच्या हातावर मोठ्या माणसाने हात ठेवून क्रिया करवून घेणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय. प्रथम अंगणात, कपडे अंगावर असतानाच, रिकामा तांब्या देऊन मुलाला उकिडवे बसवावे व हातांच्या हालचालींचा सराव करवावा. उजव्या हाताने तांब्या पुढून, दोन्ही गुडघ्यांमधून नेऊन पाण्याची बारीक धार सोडावयाची आणि डावा हात मांडीच्या बाहेरून, पाठीमागून आणावयाचा, ही ठेवण लहान मुलांना सोपी जाते. कारण तांब्याचा भार पुढे राहिल्याने मूल मागे कलंडत नाही. दोन्ही हात पाठीमागे नेण्याची मोठ्या माणसांची लकब मुलाला तोल जाण्याच्या भीतीने अवघड वाटते.

डावा हात पाठीमागून आणण्याचा आग्रह मुलींच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. हात पुढून नेऊन धुतल्यास विष्ठेतील जंतू मूत्रमार्गाच्या मुखाशी येतात. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असल्याने हे जंतू मूत्राशयापर्यंत सहज पोहोचून लघवीस जळजळ, वारंवार लघवी लागणे, ताप इ. विकार उद्‌भवतात. या विकारास कारणीभूत होणारा सर्वांत नेहमीचा जंतू मोठ्या आतड्यातीलच असतो. म्हणून धुण्याची दिशा पुढून मागे असावी, हा नियम मुलीला अगदी आरंभापासून लावून द्यावा. हाताला एकदा उलट वळण पडले, की ते मोडणे कठीण जाते.

क्रियेचे तुकडे पाडून शेवटच्या तुकड्यापासून आरंभ करणे सोईचे ठरते. पहिले काही आठवडे आईने धुवावे व मुलाने फक्त शेवटचे पाणी स्वतः घ्यावे. पुढे अखेरचे चोळणे, मग सर्व धुणे मुलाकडे द्यावे. अशाने प्रत्येक वेळी काम पुरे केल्याचे समाधान मुलाच्या वाट्याला येते. पुढून सुरुवात केल्यास मूल अर्ध्यावर अडते आणि उरलेले काम आईने रागाने पुरे केले, एवढेच त्याच्या ध्यानात राहते.

स्वच्छ झाले हे कसे ओळखावे, हा प्रश्न मुले खरोखरच विचारतात आणि त्याचे नेमके उत्तर क्वचितच दिले जाते. ‘पाच वेळा धू’ असे सांगितल्यास मूल पाच आकडे मोजून उठते. त्याऐवजी स्पर्शाची खूण द्यावी. त्वचा बुळबुळीत लागते तोवर काम उरले आहे. बुळबुळीतपणा जाऊन बोट अडखळू लागले, की झाले. कागद वापरणाऱ्या देशांत मुले कागदावरील डाग पाहून ही खात्री करून घेतात. पाणी वापरणाऱ्यांना बोटाच्या स्पर्शावर अवलंबून राहावे लागते, मात्र त्वचा अधिक स्वच्छ होते व रखरखीत पुसण्याने येणारी आग टळते. धुतल्यानंतर ओलसर अंगावरच चड्डी चढविण्याची मुलांना घाई असते. जांघेत सतत ओल राहिल्यास पुरळ व खाज येते, म्हणून जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा एखादा तुकडा प्रत्येक मुलासाठी वेगळा ठेवून अंग टिपण्यास शिकवावे आणि तो रोज धुवून उन्हात वाळवावा.

साधनांची निवड क्षुल्लक वाटली, तरी पुष्कळ काही तिच्यावर ठरते. मोठ्या बादलीतून पाणी घेणे चार वर्षांच्या मुलाला जमत नाही आणि पितळी तांब्या भरला की त्याच्या मनगटाला पेलत नाही. अर्धा लिटर पाणी मावेल असे कानाचे हलके भांडे व उजव्या हाताशी ठेवलेली छोटी बादली असावी. नाडीची चड्डी, कमरेचा पट्टा, घट्ट बटणे यांमुळे मूल ऐनवेळी अडते व कपडे खराब होतात. इलॅस्टिकची चड्डी हे या वयाचे योग्य वस्त्र होय. दावखुऱ्या मुलाच्या बाबतीत घरात बहुधा वाद होतो. ज्या हाताने जेवावयाचे त्या हाताने धुवावयाचे नाही, हे सूत्र कायम ठेवून त्याच्यापुरती हातांची अदलाबदल करण्यास वस्तुतः हरकत नाही. दोन्ही हात साबणाने धुतले, की मूळ हेतू साधतो.

हात धुणे : सबंध क्रियेत आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आणि सर्वांत अधिक वेळा गाळला जाणारा भाग हाच होय. नुसत्या पाण्याने हात दिसावयास स्वच्छ होतो. त्यावरील स्निग्ध थर व त्याला चिकटलेले जंतू जात नाहीत. मुलांच्या तळहाताला थोडे तेल व हळद चोळून प्रथम पाण्याने व नंतर साबणाने धुवावयास लावल्यास हा फरक त्यांना डोळ्यांनी दिसतो. साबण लावून बोटांच्या बेचक्या, अंगठे व नखांची टोके सु. वीस सेकंद चोळावी लागतात. ओली वडी लहान हातातून निसटते, म्हणून ती जाळीच्या पिशवीत घालून नळाला किंवा खुंटीला बांधतात. हा उपाय अगदी कमी खर्चाचा असून अंगणवाड्यांत चांगला चालतो. साबण नसल्यास चुलीतील ताजी राख चालते. परसातील माती मात्र वर्ज्य करावी, कारण ज्या जागी मुले शौचास बसतात तेथील मातीत जंतांची अंडी असू शकतात आणि हात धुण्याच्या कृतीतूनच ती हाताला लागतात. साबणाने हात धुण्याच्या सवयीमुळे अतिसाराचे प्रमाण सु. तीस ते चाळीस टक्क्यांनी घटते, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांवरून दिसून आले आहे.

लहान मुलाच्या विष्ठेला घाण मानीत नाहीत, ती ‘दुधाची’ म्हणून निरुपद्रवी समजली जाते. हा समज चुकीचा आहे. मुलांना आतड्यांचे संसर्ग मोठ्यांहून अधिक वेळा होतात व त्यामुळे त्यांच्या विष्ठेत रोगजंतूही अधिक असण्याचा संभव असतो. जंताची अंडी मातीत पडल्यावर काही आठवड्यांनी संसर्गक्षम होतात. सूतकृमींची गोष्ट निराळी आहे. त्यांची मादी रात्री गुदद्वाराभोवती अंडी घालते, तेथे खाज सुटते, मूल झोपेत खाजविते, अंडी नखांत अडकतात आणि काही तासांतच संसर्गक्षम होऊन सकाळी त्याच्याच तोंडात जातात. औषध घेऊनही सूतकृमी पुन्हा पुन्हा होतात ते या चक्रामुळे. नखे कापणे आणि सकाळी उठल्याबरोबर अंग व हात धुणे हे या चक्रावरचे निम्मे औषध आहे. अनवाणी परसाकडे जाणाऱ्यांच्या पायांच्या त्वचेतून शिरणारा अंकुशकृमी पांडुरोगास कारण होतो. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनानिमित्त अंगणवाड्या व शाळांमधून मुलांना जंतनाशक गोळ्या देण्यात येतात. मात्र गोळी पोटातील कृमी मारते, परसातील अंडी नव्हे.

माळावरून शौचालयाकडे : अहमदनगर जिल्ह्यातील काही गावांचा इतिहास या संदर्भात लक्षणीय आहे. अण्णा हजारे यांनी १९७५ पासून पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धी येथे केलेल्या ग्रामविकासाच्या कार्यात पाणलोट विकासाबरोबरच शौचालयांचाही समावेश होता व सामुदायिक शौचालये जैववायू संयंत्राला जोडण्यात आली. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाल्यानंतर जे ग्रामनियम रूढ झाले, त्यांत कुऱ्हाडबंदी, चराईबंदी यांच्या जोडीला लोटाबंदी हाही एक नियम आहे. लोटाबंदी म्हणजे लोटा घेऊन उघड्यावर जाण्यास बंदी. शब्द समर्पक असला, तरी येथे एक गंमत नमूद करण्यासारखी आहे : बंदी ज्या लोट्यावर आली तोच लोटा शौचालयात शिरलेल्या मुलाचे मुख्य साधन ठरला. महत्त्वाचे म्हणजे या दोन्ही गावांत पाण्याचा प्रश्न मार्गी लावण्याचे प्रयत्न आधी किंवा बरोबरीने झाले. जेथे डोक्यावरून हंडा आणावा लागतो, तेथे शौचकूपात ओतावयाचे दोन लिटर पाणी चैनीचे वाटते.

जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये सुरू केलेल्या सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचा मार्ग वेगळा होता. गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर असलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्य सेविका म्हणून शिक्षण दिले. शेजारणीने शेजारणीला सांगितलेली गोष्ट ऐकली जाते, या साध्या तत्त्वावर हा प्रकल्प उभा राहिला. जुलाब होणाऱ्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी देणे, पाणी झाकून ठेवणे, मुलांचे हात धुणे या गोष्टी घरोघरी पोहोचल्या त्या या स्त्रियांमार्फत. प्रकल्पक्षेत्रात १९७१ मध्ये दर हजारी १७६ असलेला बालमृत्युदर १९९० नंतरच्या दशकात तीसच्या खाली आला. या घटीचे श्रेय एकट्या शौचस्वच्छतेला देता येणार नाही; पोषण, लसीकरण, प्रसूतिपूर्व काळजी व सुरक्षित पाणी यांचा वाटा तीत मोठा आहे. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये मॅगसायसाय पारितोषिक मिळाले.

२०११ च्या जनगणनेत ग्रामीण महाराष्ट्रातील सु. ३८ टक्के कुटुंबांकडेच घराच्या आवारात शौचालय होते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात शौचालये झपाट्याने बांधली गेली व २०१८ मध्ये राज्याचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचे घोषित करण्यात आले. परंतु ही शौचालये मोठ्या माणसांच्या मापाची आहेत. त्यांचे भांडे सु. अर्धा मीटर लांबीचे असते; पावट्यांवर पाय ठेवण्यासाठी तीन वर्षांच्या मुलाला पाय इतके फाकावे लागतात, की उठणे मुश्किल होते. खोली अंधारी, कडी वर, खाली खोल भोक आणि दार लावताच आपला आवाजही वेगळा ऐकू येणारा, अशा ठिकाणी मूल भ्याले तर नवल नाही. परिणामी पुष्कळ घरांत मोठी माणसे शौचालयात जातात व लहान मूल पूर्ववत अंगणाच्या कडेला बसते. दार उघडे ठेवून आईने समोर बसणे, पावट्यांच्या मध्ये मुलाच्या मापाची भक्कम फळी टाकणे, किंवा पॉटी या नावाने विकल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या भांड्यावर बसवून विष्ठा शौचकूपातच रिती करणे, असे उपाय योजता येतात. यांपैकी शेवटची गोष्ट विशेष आवश्यक आहे. मुलाची विष्ठा उकिरड्यावर जात असेल, तर त्या घराचे शौचालय निम्मेच वापरात आहे असे म्हटले पाहिजे.

अंगणवाडी व शाळा : शौच व अंगस्वच्छता यांना शिक्षणाचा भाग मानण्याची परंपरा महाराष्ट्रात ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–९२) यांच्यापासून चालत आली आहे. माँटेसरी पद्धतीतील जीवनव्यवहाराचे पाठ, म्हणजे ओतणे, पुसणे, बटण लावणे, हात धुणे इ. त्यांनी महागड्या साधनांवाचून ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी येथे १९४५ पासून व पुढे कोसबाड येथे आदिवासी मुलांच्या अंगणात नेले. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे ही तेथे शिक्षिकेचीच कामे होती. १९७५ मध्ये देशात सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रांस अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज अनेक अंगणवाड्यांत बालस्नेही, म्हणजे लहान मापाच्या भांड्यांची शौचालये बांधली आहेत. त्यांची उपयुक्तता मात्र पाण्यावर व मदतनीस बाईच्या सवडीवर अवलंबून असते. ज्या वेळी खिचडी शिजत असते त्याच वेळी मुले शौचास जातात, आणि एकाच बाईने विष्ठा धुणे व अन्न वाढणे ही दोन्ही कामे साबणावाचून करणे धोक्याचे आहे.

शाळेतील शौचालय घाण, कोरडे किंवा कुलूपबंद असले, की मुले शौच रोखून धरतात. हा परिणाम पालकांच्या नजरेस सहसा येत नाही. रोखलेला मळ कठीण होतो, तो उतरताना दुखते, दुखते म्हणून मूल आणखी रोखते. अखेर मोठे आतडे ताणून त्याची संवेदना मंदावते आणि कठीण मळाच्या कडेने पातळ मळ नकळत चड्डीत झिरपू लागतो. घरी त्याला आळस, हट्ट किंवा हगवण समजून मार दिला जातो. वस्तुतः हा बद्धकोष्ठाचा प्रकार असून त्यावर वैद्यकीय उपचार, पुरेसे पाणी, भाजी-भाकरीचा चोथायुक्त आहार आणि जेवणानंतर रोज ठरल्या वेळी निवांत बसविणे, हे उपाय आहेत. चार वर्षांनंतरही चड्डीला वारंवार डाग पडत असतील, तर मूल नीट धुवत नाही असा निष्कर्ष काढण्यापूर्वी त्याचे पोट साफ होते की नाही हे पाहावे. धाकटे भावंड झाल्यावर किंवा आजारपणानंतर शिकलेली सवय काही काळ मोडणे मात्र स्वाभाविक आहे व ती बहुधा आपोआप परत येते.

लाजेचा प्रश्नही येथे येतो. पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञांनी, विशेषतः सिग्मंड फ्रॉइड व पुढे एरिक एरिक्सन यांनी, या वयातील शौचशिक्षणाचा संबंध मुलाच्या स्वायत्ततेशी व लज्जेच्या भावनेशी जोडला. त्यांच्या उपपत्तींतील सर्व गोष्टी आज ग्राह्य मानल्या जात नाहीत. परंतु चारचौघांत झालेल्या फजितीने मूल शिकत नाही, लपवू लागते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. स्वतः धुता येऊ लागल्याने मुलाचे अंग त्याच्या स्वतःच्या ताब्यात येते. आई किंवा नेमून दिलेली व्यक्ती यांखेरीज अन्य कोणी तेथे हात लावू नये व लावल्यास घरी सांगावे, हे याच वेळी सहज सांगता येते. अवयवांना साधी, ठराविक नावे दिली असतील, तर मुलाला ते सांगताही येते.

विष्ठेविषयीची किळस आपल्या समाजात दीर्घकाळ माणसांवर लादली गेली, हेही विसरता येत नाही. डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा १९९३ व २०१३ च्या कायद्यांनी निषिद्ध ठरविण्यात आली. कोकणात कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापणारे अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी त्याच्या कितीतरी आधी, शौचकूप वापरणाऱ्यानेच तो स्वच्छ ठेवावा, या भूमिकेतून सोप्या संडासाचे प्रयोग केले होते. भांड्यात पाणी टाकण्याचे मुलाला शिकविणे हा या विचाराचा अगदी पहिला धडा होय. त्यामुळे शाळेतील शौचालयाची देखभाल मुलांकडून करवून घ्यावयाचीच असल्यास ती जातीचा विचार न करता शिक्षकांसह सर्वांनी पाळीपाळीने करावी. ते काम शिक्षा म्हणून देणे सर्वथा अयोग्य आहे.

स्थलांतरित मुले : पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून व शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीसाठी दर वर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरात येतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांतील काही कुटुंबे याच जिल्ह्याच्या उत्तर भागात, म्हणजे जेथे १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला त्या पट्ट्यात, उतरतात. पाचटाच्या व प्लॅस्टिकच्या कोप्यांमध्ये त्यांचा मुक्काम असतो. शौचासाठी शेताचा बांध, पाण्यासाठी कालवा किंवा कारखान्याचा टँकर आणि पहाटे फडावर गेलेली आई, अशा स्थितीत तीन-चार वर्षांच्या मुलाला सांभाळते ते सात-आठ वर्षांचे भावंड. गावातील अंगणवाडीत जे काही अंगवळणी पडले असेल, ते या पाच-सहा महिन्यांत बहुधा विसरले जाते. अशा मुलांसाठी निघालेल्या साखरशाळांचा भर वाचनलेखनावर राहिला. वस्तीलगत लहान मुलांच्या मापाची शौचालये व पाण्याची तोटी असेल तेथे मोठे भावंडच धाकट्याला धुणे शिकविते, आणि ते चांगले शिकविते. कारण ते स्वतः नुकतेच शिकलेले असते व त्याचा हातही फारसा मोठा नसतो.